नर्व्हची जाडी सोनोग्राफीवर मोजताना: कोकणात ‘नॉर्मल’ आकडे गोळा करणाऱ्या नवख्यांसाठी

प्रबंधाचा विषय ‘निरोगी व्यक्तींमधील नर्व्हच्या आकाराचं सोनोग्राफीने मोजमाप’ असा काहीसा ठरला, की वसतिगृहातले सगळे एकच म्हणतात: सोपा विषय मिळाला, पेशंट शोधायला नकोत. या बोलण्यावर विसंबून राहू नका. पेशंट आपल्या पायाने ओपीडीत येतो. निरोगी माणूस कशाला येईल? आणि जो येतो तो खरोखर निरोगी आहे का, हा प्रश्न तर शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

हे काम मी कोकणपट्टीतच केलं. आता नवे विद्यार्थी दरवर्षी तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतो आहे. रेडिओलॉजी, मेडिसिन, न्यूरोलॉजी, फिजिओथेरपी, कुठल्याही विभागातून आलात तरी उपयोग होईल.

मुळात हे आकडे लागतात कशाला? कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नर्व्ह दबण्याच्या आजारात, मनगटापाशी मीडियन नर्व्ह (हाताच्या मधोमध जाणारी) सुजते. कुष्ठरोगात कोपराच्या वर अल्नर नर्व्ह (करंगळीच्या बाजूची) जाड होते. सीआयडीपी (रोगप्रतिकारशक्तीच नर्व्हवर उलटते तो जुनाट आजार) आणि काही आनुवंशिक न्यूरोपथींमध्ये, म्हणजे नर्व्हच्या आजारांमध्ये, तर हातापायांतल्या बऱ्याच नर्व्ह फुगलेल्या दिसतात. ‘जाड झाली’ असं म्हणायचं तर न झालेली किती असते ते माहीत हवं. आपल्याकडे रिपोर्टमध्ये सर्रास वापरले जाणारे आकडे बहुतेक अमेरिका-युरोपातले. नर्व्हचा आकार उंची, वजन, वय, मनगटाचा घेर यांच्याशी जोडलेला असतो. तिकडच्या धिप्पाड माणसाची वरची मर्यादा गुहागरच्या पावणेपाच फुटी बाईला लावली, तर तिची सुजलेली नर्व्हही ‘नॉर्मल’ म्हणून सुटून जाईल.

आधी हे जमवा

कागद: प्रबंधाचा आराखडा, नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र, नोंदीचा तक्ता, विभागप्रमुखांची मशीन वापरण्याची परवानगी, आणि त्या मशीनच्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणीची प्रत.

सामान: निदान १२ ते १८ मेगाहर्ट्झचा लिनियर प्रोब असलेलं मशीन, भरपूर जेल, मोजपट्टी, त्वचेवर खुणा करायचं पेन, कोन मोजायला गोनिओमीटर, उंची-वजनाचा काटा, दोन-तीन उशा, टिश्यू पेपर, प्रतिमा साठवायला हार्ड डिस्क. गोनिओमीटर विसरू नका. तो का लागतो ते पुढे येईलच.

१. ‘निरोगी’ म्हणजे कोण, ते आधी लिहून काढा

अर्धा प्रबंध इथेच घडतो किंवा बिघडतो, म्हणून या पायरीवर जरा जास्त थांबतो.

वगळायची यादी बऱ्यापैकी ठरलेली आहे: मधुमेह, थायरॉइडचे विकार, मूत्रपिंडाचा जुना आजार, कुष्ठरोग, दारूचं व्यसन, केमोथेरपी, त्या हातापायाचं जुनं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया, घराण्यात न्यूरोपथी. गरोदर स्त्रियाही वगळा. गरोदरपणात अंगावर सूज येऊन मनगटातली नर्व्ह दाबली जाते, त्यामुळे तो आकडा तुमच्या कामाचा नाही. शिवाय गरोदर बाईची सोनोग्राफी म्हटली की कायद्याच्या नोंदी वेगळ्या कराव्या लागतात.

यादी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात, ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नाला आलेलं ‘नाही’ हे उत्तर पुष्कळदा ‘तपासलेलाच नाही’ असं असतं. त्यामुळे विचारण्यावर थांबू नका. निदान उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) करा. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, आणि ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी. या मधल्यांना घेणार की नाही, ते पहिल्या माणसाच्या आधी ठरवा. नंतर ठरवलंत तर आकडे बघून ठरवल्यासारखं दिसतं, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

लक्षणं विचारण्याचंही एक तंत्र आहे. ‘हातापायाला मुंग्या येतात का?’ असं विचारलंत तर अर्धं गाव हो म्हणेल, कारण मांडी घालून बसल्यावर मुंग्या कोणाला येत नाहीत? त्यापेक्षा विचारा: ‘रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो का? झटकल्यावर बरं वाटतं का?’ मीडियन नर्व्ह दबल्याची ही नेमकी खूण आहे. तसंच ‘सकाळी शर्टाची बटणं लावताना बोटं बधिर वाटतात का?’, ‘चालताना पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का?’ या प्रश्नांना ठोस उत्तरं मिळतात.

कुष्ठरोगासाठी त्वचा बघा. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्यातला प्रश्न म्हणून निर्मूलन २००५ च्या डिसेंबरात साधलं, पण त्याचा अर्थ दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच. रोग आहेच. पाठ, दंड, मांड्या उजेडात बघून फिकट किंवा लालसर बधिर चट्टा नाही ना, याची खात्री करा. घरात कोणाचा उपचार झाला होता का, हे मात्र सर्वांसमोर विचारू नका. खोलीत दुसरं कोणी नसताना विचारा.

आता कोकणातला खरा पेच. किनाऱ्यावर हाताचं काम न करणारा माणूस शोधून दाखवा! कोळंबी सोलणाऱ्या बाया, जाळी विणणारे आणि दुरुस्त करणारे, चिरेखाणीतले कामगार, काजूच्या कारखान्यात दिवसभर बिया फोडणाऱ्या. या कामांत मनगट सारखं वाकतं, पकड घट्ट लागते, चिऱ्याच्या कटरला तर हादराही असतो. पुस्तकी नियम लावून ‘हाताचं जड किंवा तेच-ते काम करणारे वगळले’ असं लिहिलंत, तर हाती उरतील शिक्षक, कारकून आणि तुमच्याच कॉलेजची पोरं. मग तो आकडा कोकणाचा कसला?

माझं मत स्पष्ट आहे: लक्षण नसेल आणि तपासणी स्वच्छ असेल तर काम करणाऱ्या हातांना घ्याच. फक्त व्यवसाय, त्यात किती वर्षं, दिवसाला साधारण किती तास आणि कोणता हात जास्त चालतो, हे प्रत्येकाचं लिहा. कंपनाची हत्यारं वापरणाऱ्यांना वेगळी खूण करा. पुढे त्यांच्यासह आणि त्यांच्याविना असे दोन्ही आकडे द्या. वाचणारा स्वतः ठरवेल. तुमच्या गाईडचं मत उलट असू शकतं; तर वाद आत्ताच घाला, तोंडी परीक्षेत नको.

जमलं तर प्रत्येकाची नर्व्ह कंडक्शन चाचणीही (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) करा, निदान मीडियन आणि सुरलची (पोटरीतली बारीक नर्व्ह). हाताचं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर हवं, नाहीतर वेग खोटा मंदावतो. आपल्या हवेत हे आपोआप साधतं असं वाटतं खरं, पण एसी खोलीत अर्धा तास बसलेल्याचे हात गार पडलेले असतात. हात लावून बघा.

२. परवानग्या, आणि मशीन कुठे न्यायचं नाही

नैतिकता समितीचं काम वेळखाऊ आहे, पण सरळ आहे. आयसीएमआर या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचा आणि संमतीपत्र खरोखरच्या मराठीत लिहा. ‘सहभागी व्यक्तीच्या परिधीय मज्जातंतूंचे अनुप्रस्थ क्षेत्रफळ’ असलं वाक्य कोळीवाड्यात वाचून दाखवलंत तर लोक आदराने मान डोलावतील आणि काही कळणार नाही. ‘तुमच्या हातापायात मेंदूकडून निरोप नेणाऱ्या दोऱ्या असतात, त्यांची जाडी मोजणार आहोत, सुई नाही, दुखत नाही, पैसे नाहीत’ एवढं पुरतं. साखरेसाठी रक्त घेणार असाल तर मात्र ‘सुई नाही’ लिहू नका. रक्ताची सुई वेगळी सांगा.

सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, निरीक्षणाचे अभ्यासही नोंदवता येतात. पहिला माणूस घेण्याआधी नोंदवा.

आता सापळा. हुशार विद्यार्थ्यांच्या डोक्यात हमखास येणारी कल्पना: पोर्टेबल मशीन उचलायचं, गाडीत टाकायचं, हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन एका दिवसात पन्नास माणसं मोजायची. असं करू नका. सोनोग्राफी मशीन पोटाचं असो की मनगटाचं, पीसीपीएनडीटी कायद्याच्या दृष्टीने ते सोनोग्राफी मशीनच. त्याची नोंदणी विशिष्ट जागेसाठी असते. २०१२ च्या नियमबदलापासून पोर्टेबल मशीनवर आणखी कडक बंधनं आहेत: नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी, किंवा अटी पाळणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात, एवढीच मुभा. ‘आम्ही फक्त हात बघत होतो’ हे उत्तर मशीन सील होताना कोणी ऐकून घेत नाही. शंका असेल तर जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांकडून लेखी उत्तर घ्या. प्रोब कोणी धरायचा, त्याची पात्रता काय, हेही त्याच पत्रात विचारा. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी तर हे विचारल्याशिवाय मशीनला हातच लावू नये.

थोडक्यात, माणसं मशीनपाशी आणायची. त्यांच्या येण्याजाण्याच्या खर्चाची तरतूद अर्जातच दाखवा.

३. माणसं कधी आणि कुठून

कोकणात हे काम पंचांग बघून करावं लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, खलाशी घरी. कोळी बांधवांना बोलवायला हाच काळ. शेतकऱ्यांना मात्र जुलैत बोलवू नका, लावणी सोडून कोणी येणार नाही. मार्च ते मे बागायतदार आंब्यात. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात, गाव भरलेलं असतं, यादी पटापट भरते. पण मुंबईत वीस वर्षं ऑफिसात बसलेल्याला ‘मूळ गाव दापोली’ म्हणून कोकणातला ग्रामीण रहिवासी धरू नका. घ्यायचंच तर राहण्याचं ठिकाण वेगळं लिहा.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, ‘फुकट सोनोग्राफी’ अशी बातमी फिरली की ज्यांना त्रास आहे तेच आधी येतात. ते स्वाभाविक आहे, त्यांना परत पाठवू नका, ओपीडीत दाखवून द्या. पण यादीत घेऊ नका. जो खरा निरोगी, तो तुम्हालाच विचारतो. वेंगुर्ल्याकडच्या एका आजींनी मला ऐकवलं होतं: ‘माका काय्येक होऊक नाय, मगे ह्यां मशीन कित्याक?’ असा प्रश्न विचारणारे जितके जास्त, तितकी तुमची यादी चांगली.

दुसरी, वयोगट. एमबीबीएसची मुलं हाताशी असतात म्हणून २० ते २५ चा रकाना आठवड्यात भरतो आणि साठीच्या पुढचा रिकामा राहतो. कार्पल टनेल होतो तो मात्र मधल्या आणि उतरत्या वयात. दर दहा वर्षांच्या गटात किती पुरुष, किती स्त्रिया, हे आधी ठरवून ठेवा आणि गट भरला की थांबा. पेशंटबरोबर आलेले नातेवाईक चालतील, पण कुष्ठरोगाच्या किंवा आनुवंशिक न्यूरोपथीच्या पेशंटचे रक्ताचे नातेवाईक नकोत.

४. मोजायच्या जागा: कमी घ्या, नेमक्या घ्या

उत्साहाच्या भरात तीस जागा ठरवणारे मी पाहिलेत. एका माणसाला तास-दीड तास लागतो, तो कंटाळतो, तुम्ही त्याहून कंटाळता, आणि शेवटच्या दहा जागांचे आकडे कंटाळ्याचे असतात. आठ-दहा जागा पुष्कळ झाल्या.

हातात मीडियन नर्व्ह दोन ठिकाणी: मनगटात पिसिफॉर्म (करंगळीच्या बाजूचं छोटं गोल हाड) या हाडाच्या पातळीवर, आणि मनगटाच्या शेवटच्या वळीपासून १२ सेंमी वर. या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढता येतं. मनगटाचा आकडा वरच्या आकड्याच्या साधारण १.४ पटीच्या पुढे गेला तर कार्पल टनेलचा संशय घेतात. माणूस बारीक असो की जाडा, तुलना त्याचीच त्याच्याशी होते, म्हणून हे गुणोत्तर फार उपयोगी पडतं.

अल्नर: मनगट, कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या टोकावर, आणि त्याच्या थोडं वर दंडाकडे. हा वरचा भाग गाळू नका, कारण कुष्ठरोगातली जाडी बहुधा तिथेच सर्वात जास्त भरते. टोकापासून किती सेंमी वर, ते एकदा ठरवा आणि प्रत्येकाला पेनाने खूण करा.

पायात कॉमन फिब्युलर, म्हणजे जुन्या पुस्तकांतली पेरोनियल, फिब्युलाच्या डोक्यापाशी. टिबियल घोट्याच्या आतल्या बाजूला. आणि सुरल पोटरीच्या खालच्या भागात, छोट्या सॅफेनस शिरेच्या शेजारी.

अवयवाची स्थितीही लिहा. कोपर सरळ ठेवून आणि पूर्ण वाकवून काढलेले अल्नरचे आकडे वेगळे येतात. शिवाय कोपर वाकवल्यावर ही नर्व्ह हाडाच्या टोकावरून पुढे घसरते, असं अनेक निरोगी माणसांतही दिसतं. म्हणून गोनिओमीटर. कोणताही कोन घ्या, पण सगळ्यांना तोच. मनगट सरळ, तळहात वर, बोटं सैल, खाली उशी.

५. मशीनची मांडणी

ही पायरी लवकर संपते. एक प्रीसेट तयार करा, नाव द्या, आणि शेवटपर्यंत बदलू नका. मनगटाला खोली २ ते ३ सेंमी, फोकस नर्व्हच्या पातळीवर, गेन इतकाच की नर्व्हच्या आतले काळे ठिपके भरून येणार नाहीत. मशीन दुरुस्तीला गेलं आणि दुसरं मिळालं, तर काही माणसं दोन्ही मशीनवर मोजून फरक बघा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून यूपीएस लावा आणि प्रत्येक माणसानंतर प्रतिमा साठवा, दिवसाच्या शेवटी नको.

६. नर्व्ह ओळखणं

आडव्या छेदात नर्व्ह मधाच्या पोळ्यासारखी दिसते: आत काळे गोल ठिपके, भोवती पांढुरकी जाळी, बाहेर पांढरी कड. शेजारचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, टेंडन) तंतुमय, रेघारेघांचे. मनगटात नवख्याची गफलत ठरलेली, नर्व्ह आणि कंडरा यांच्यात. दोन युक्त्या आहेत. प्रोब किंचित कलता करा. कंडरा झटकन काळा पडतो, नर्व्हचा रंग तेवढा बदलत नाही. नाहीतर प्रोब हळूहळू कोपराकडे सरकवत न्या. कंडरा स्नायूत विरून जातो. मीडियन मात्र वरच्या आणि खालच्या बोटवाकव्या स्नायूंच्या मध्ये तशीच ठळक राहते.

शिरेची शंका आली तर दाबून बघा, शीर चपटी होऊन नाहीशी होते. धमनी ठोके देते, डॉप्लर लावा. सुरल शोधताना उलटं करा: आधी सॅफेनस शीर शोधा, हात हलका ठेवा, म्हणजे शीर फुगलेली राहील, आणि तिच्या शेजारी बारीक ठिपका बघा.

प्रोब त्वचेला टेकवायचा, दाबायचा नाही. जेल एवढं घाला की प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये त्याचा थर दिसला पाहिजे. किरण नर्व्हला काटकोनात लागले पाहिजेत. तिरका छेद घेतलात तर गोल वस्तू लंबगोल दिसते आणि क्षेत्रफळ खोटं वाढतं. कोपरापाशी नर्व्ह वळत असते, तिथे हे जास्त सांभाळा.

काही माणसांत मीडियन नर्व्ह मनगटातच दुभंगलेली असते, कधी दोन भागांच्या मधून एक छोटी धमनीही जाते. हा आजार नाही. दोन्ही भागांचं क्षेत्रफळ वेगवेगळं काढून बेरीज करा, तक्त्यात वेगळी नोंद करा, आणि सरासरीत मिसळायचं की नाही हे आधीच ठरवलेलं असू द्या.

७. रेघ कुठून ओढायची

अख्ख्या लेखातली सर्वात बारीक, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची गोष्ट ही. मापायचं ते काटछेदाचं क्षेत्रफळ, ज्याला सगळे सीएसए म्हणतात, चौरस मिलिमीटरमध्ये. प्रतिमा गोठवायची, ट्रेस घ्यायचा, आणि बाहेरच्या पांढऱ्या कडेच्या लगेच आतून रेघ फिरवायची. पांढरी कड आत धरायची नाही.

कडेने असा कितीसा फरक पडणार? हिशोब करून बघू. १० चौ. मिमीची नर्व्ह गोल धरली तर तिची त्रिज्या १.७८ मिमी येते. तुमची रेघ सगळीकडून फक्त ०.१ मिमी बाहेर गेली की क्षेत्रफळ ११.२ होतं. ०.२ मिमी गेली की १२.४. कार्पल टनेलसाठी वेगवेगळ्या ठिकाणी ९ ते १२ च्या दरम्यान मर्यादा वापरतात. म्हणजे केवळ कड आत धरल्याने निरोगी माणूस आजारी ठरला. सुरलसारखी २ चौ. मिमीची बारीक नर्व्ह असेल तर तेवढाच ०.१ मिमीचा फरक तिला २.५ वर नेतो, म्हणजे पाव हिस्सा वाढ! निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत सुरलची सरासरी कुठे २ च्या आत, कुठे ५ च्या पुढे का दिसते, याचं मोठं कारण मला तरी माणसांच्या पायांपेक्षा मोजणाऱ्यांच्या हातांत दिसतं.

म्हणून मोजण्याआधी प्रतिमा मोठी करा. माउस किंवा ट्रॅकबॉल घाईत फिरवू नका. प्रत्येक जागी प्रोब उचलून, पुन्हा ठेवून, तीन वेळा मोजा आणि सरासरी घ्या. एकाच गोठवलेल्या प्रतिमेवर तीनदा रेघ ओढली तर ती तीन मोजमापं होत नाहीत, एकाच प्रतिमेची तीन चित्रं होतात. लंबगोल टाकून झटपट क्षेत्रफळ देणारी सोय मशीनमध्ये असते. मनगटातली चपटी नर्व्ह तिच्यात नीट बसत नाही, हातानेच ट्रेस करा. आणि तीन आकड्यांतला एक फार वेगळा आला म्हणून तो खोडून चौथा घेऊ नका. तो वेगळा का आला ते बघा. बहुधा छेद तिरका असतो.

अंदाज यावा म्हणून: मनगटात मीडियन बहुतेक अभ्यासांत सरासरी ८ ते १० च्या आसपास, अल्नर मनगटात त्याहून लहान. पहिल्याच दहा माणसांत तुमची मीडियनची सरासरी १४ आली, तर कोकणी माणसाबद्दल नवा शोध लागला असं समजू नका. रेघ तपासा.

८. दुसऱ्या मोजणाऱ्याला बसवा

वीस-तीस माणसांवर दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे मोजायला हवं. स्वतंत्रपणे म्हणजे तुमचा आकडा न बघता, तुमची खूण पुसून, स्वतः प्रोब ठेवून. तसंच तुम्हीही काही जणांना आठवड्याने पुन्हा बोलावून मोजा. स्क्रीनच्या कोपऱ्यात जुना आकडा दिसत राहतो, तो झाका. डोळ्याला दिसला की हात आपोआप तिथेच वळतो.

या जोड्यांवरून आयसीसी, म्हणजे दोन मोजमापं किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, काढा. ०.७५ ते ०.९ चांगलं मानतात, ०.९ च्या वर उत्तम. पण एकट्या आयसीसीवर खूश होऊ नका. ब्लँड-ऑल्टमन आलेखही (दोघांच्या आकड्यांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा) काढा, कारण दोघांपैकी एक जण प्रत्येक वेळी १ चौ. मिमीने जास्त मोजत असेल तर ते तिथे लगेच दिसतं.

९. आकडेमोड

सरासरी अधिक दोन प्रमाण विचलनं, झाली वरची मर्यादा, असं सगळेच करतात. आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असतील तर ते चालतं. नर्व्हच्या आकड्यांचं शेपूट पुष्कळदा वरच्या बाजूला लांबतं. आधी हिस्टोग्राम बघा. शेपूट असेल तर लॉगरिदम घ्या किंवा सरळ ९७.५ वा शतमक (ज्याच्या खाली ९७.५ टक्के आकडे येतात तो) द्या. शतमकाच्या पद्धतीने संदर्भमर्यादा काढायला प्रत्येक गटात निदान १२० माणसं हवीत असं प्रयोगशाळांच्या मानकांत धरतात. पुरुष-स्त्रियांच्या मर्यादा वेगळ्या द्यायच्या तर १२० दुप्पट. पदव्युत्तर प्रबंधात एवढी माणसं जमतातच असं नाही. कमी असतील तर मर्यादेबरोबर तिचा विश्वासांतर पट्टाही छापा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की तुमचा ११.५ हा खरा १०.८ ते १२.२ मध्ये कुठेही असू शकतो.

संख्या फुगवण्याची एक पळवाट सगळ्यांना सुचते: ६० माणसांचे १२० हात. एकाच माणसाचे दोन हात एकमेकांवर अवलंबून असतात, त्यांना दोन माणसं म्हणता येत नाही. एक हात निवडा, नाहीतर दोन्हींची सरासरी घ्या. डाव्या-उजव्यातला फरक वेगळा द्या, तोही डॉक्टरांना कामाचा असतो.

आणखी एक गोष्ट प्रबंधात ठळक लिहा. वरची मर्यादा ९७.५ व्या शतमकावर ठेवली, म्हणजे १०० निरोगी माणसांतले दोन-तीन तिच्या वर असणारच. एका माणसाच्या दहा जागा मोजल्या आणि त्या एकमेकांपासून स्वतंत्र धरल्या, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात जागा तितक्या स्वतंत्र नसतात, त्यामुळे ती काहीशी कमी असेल. तरीही एक सुटा वाढलेला आकडा बघून कोणाला न्यूरोपथीचा शिक्का मारायचा नाही, हे वाचणाऱ्या डॉक्टरांना तुम्हीच सांगायला हवं.

वय, लिंग, उंची, वजन, बीएमआय, मनगटाचा घेर यांच्याशी संबंध तपासा. उंची-वजन विचारून लिहू नका, मोजा. घेर मोजपट्टीने, दर वेळी एकाच पातळीवर.

१०. लोकांना काय द्यायचं

आलेला प्रत्येक जण जाताना विचारतो, ‘काय निघालं?’ ‘संशोधनासाठी होतं’ हे उत्तर देऊन पाठवू नका. साखरेचे, आणि केले असतील तर थायरॉइडचे, रिपोर्ट त्याच्या हातात द्या. सोनोग्राफीबद्दल तोंडी सांगा की मोजमाप घेतलं, यावरून औषध बदलायचं नाही.

अल्नर किंवा फिब्युलर नर्व्ह ठळक जाड दिसली, तर मात्र थांबा. त्वचा पुन्हा बघा, बधिरपणा तपासा, आणि चिठ्ठी देऊन त्वचारोग विभागात पाठवा. चिठ्ठीवर रोगाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ती घडी न करता हातात देऊ नका; गावात त्या नावाची भीती अजून आहे. एचबीए१सी जास्त आलं तर मेडिसिनच्या ओपीडीची तारीख घेऊनच माणसाला सोडा, नाहीतर तो पुढच्या गणपतीपर्यंत फिरकणार नाही. या दोन्ही प्रकारच्या माणसांना यादीतून वगळल्याची आणि कारणाची नोंद तक्त्यात त्याच दिवशी करा. प्रतिमांवरून नावं काढून सांकेतिक क्रमांक टाका, मूळ यादी कुलपात ठेवा, आणि हार्ड डिस्कची दुसरी प्रत विभागात द्या. दमट हवेत पावसाळाभर कपाटात पडून राहिलेल्या एकुलत्या डिस्कवर विसंबू नका.